भिंतीचं ओझं कुणावर?

सिल्वासाच्या डोकमर्डीत कुठल्याही चालू बांधकामापुढे तीन ढीग ठरलेले असतात. काळ्या दगडाची खडी, वाळू किंवा क्रशरची चुरी, आणि ताडपत्रीखाली झाकलेल्या सिमेंटच्या गोण्या. ऐंशीच्या दशकात करसवलती मिळाल्या आणि दादरा-नगर हवेलीत कारखाने आले. कारखान्यांमागून कामगार आले, कामगारांमागून चाळी आल्या. दमणगंगेच्या काठी जिथे भाताची लावणी व्हायची तिथे आता स्लॅब भरले जातात. याला कुणाची हरकत असण्याचं कारण नाही. माणसांना घर हवं, आणि ते पावसापाण्यात टिकणारं हवं. माझी हरकत वेगळी आहे. खडीसाठी डोंगर फोडायचा, वाळूसाठी नदी उपसायची, आणि शेजारच्याच गावात भाताचा तूस गिरणीमागे पेटवून द्यायचा, ही रीत आपल्याला खटकतसुद्धा नाही.

शेतातून निघणारा तूस, त्याची राख, नारळाची करवंटी, भुईमुगाची टरफलं यांचा हलक्या काँक्रीटमध्ये खडी-वाळूच्या किंवा सिमेंटच्या जागी काही प्रमाणात उपयोग होतो. जगभरच्या प्रयोगशाळांनी हे गेली तीस-चाळीस वर्षं तपासलं आहे. प्रश्न तंत्राचा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न आपल्या वृत्तीचा आहे. हा माल कुणाच्या भिंतीत आधी जाणार आणि त्याचा दाम कुणाच्या हातात पडणार, हे ठरवल्याशिवाय तंत्राची चर्चा अर्धवट राहते.

आधी ओरबाडण्याचं पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जग दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरतं. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त उपसतो ती हीच. आपल्याकडे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरणाची मंजुरी लागेल असं बजावलं. तरी रात्रीचे ट्रॅक्टर कुठल्याही नदीकाठच्या गावाला नवे नाहीत. वाळू गेली की पात्र खोल जातं, काठ ढासळतो, विहिरींचं पाणी खाली उतरतं. खडीची गोष्ट आणखी जिवावरची. क्रशरवर काम करणारा मजूर दिवसभर दगडाची धूळ श्वासातून घेतो. ही धूळ फुप्फुसात साचली की सिलिकोसिस होतो आणि त्याला औषध नाही. या कामावर बहुतेक करून आदिवासी आणि स्थलांतरित कुटुंबं असतात. आपल्या ओट्याला लागलेल्या खडीत त्यांचा श्वास मिसळलेला आहे, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

काँक्रीटमध्ये सिमेंट बांधण्याचं काम करतं, पण त्याचं जवळपास साठ ते पंच्याहत्तर टक्के आकारमान खडी आणि वाळूने भरलेलं असतं. नेहमीच्या काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २,४०० किलो. कॉलम-बीममध्ये हा भार कामी येतो, कारण तिथे ताकद लागते. पण दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला फक्त स्वतःचं वजन पेलायचं असतं. तिथे इतका जड माल घालून आपण काय साधतो? तिचं ओझं बीमवर, बीमचं कॉलमवर, कॉलमचं पायावर जातं आणि त्या ओझ्यासाठी पुन्हा जास्त सळई, जास्त सिमेंट. तीन मीटर लांब-रुंद आणि पावणेतीन मीटर उंच अशी खोली घ्या. पंधरा सेंटिमीटर जाडीच्या चार भिंती म्हणजे जवळपास पाच घनमीटर माल झाला. घनमीटरमागे चारशे किलो वजन कमी करता आलं, तर एका खोलीमागे जवळजवळ दोन टन उतरतात.

हे दोन टन हिशेबाच्या वहीपुरते नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते महाराष्ट्र विसरलेला नाही. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. जगात याहून मोठे भूकंप कमी जीवितहानी करून जातात. पण लातूर-उस्मानाबादकडच्या त्या गावांत दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती होत्या आणि वर मातीच्या जाड थराचं धाबं होतं. झोपलेल्या माणसांवर तेच कोसळलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. जिथे लाकडी खांबांच्या खणांवर माळवद तोललेलं होतं तिथे भिंती पडूनही कित्येकदा छप्पर राहिलं आणि माणसं वाचली. भूकंपाचा धक्का वस्तूच्या वजनाच्या प्रमाणात बसतो, आणि जड भिंत आपल्याच वजनाने मारते. किल्लारी डोकमर्डीपासून लांब आहे खरी. पण नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या धुंदलवाडी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली, तेव्हा लोक थंडीच्या दिवसांत घराबाहेर झोपत होते. तलासरी हवेलीला लागून आहे. हलकी भिंत हा आपल्याकडे चैनीचा विषय राहिलेला नाही.

आपल्या पूर्वजांना शेतमालाचं हे मोल ठाऊक होतं. अजिंठ्याच्या चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भाताचा तूस आणि गवताचे तंतू सापडतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अवशेष असल्याचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. हवेलीतल्या वारली आणि कोकणा घरांचा कूड तर आजही पाहायला मिळतो. कारवीच्या काठ्या उभ्या आडव्या बांधून त्यांची जाळी करायची आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची. मातीत तूस किंवा बारीक कापलेला पेंढा मिसळला की लिंपण वाळताना तडकत नाही, कारण आकसणाऱ्या मातीला हे तंतू धरून ठेवतात. वर गेरू, गेरूवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक. हात लावून पाहिलं तर मे महिन्याच्या दुपारीसुद्धा ही भिंत तापलेली नसते. तीच दुपार सिमेंटच्या पत्र्याखाली आणि पातळ स्लॅबखाली काढलेल्या बाईला विचारा.

मात्र कुडाची आठवण काढून मागे फिरा असं मला सुचवायचं नाही. कारवी आता सहज मिळत नाही, दर पावसाळ्यानंतर लिंपण करायला घरातल्या बाईलाच राबावं लागतं, आणि हवेलीत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. कुडाच्या घराला वाळवी लागते, आग लागते. आदिवासी माणसाला टिकाऊ घर हवं असेल तर तो त्याचा हक्क आहे. शहरात वातानुकूलित खोलीत बसून त्याला शेणमातीचं कौतुक ऐकवणं हा उद्धटपणा होईल.

मग नवं काय करता येईल? करवंटीपासून सुरुवात करू, कारण तिच्यावर आपल्या देशात नेटाने काम झालं आहे. चेन्नईजवळ कट्टनकुलथूरच्या एसआरएम विद्यापीठात के. गुणशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खडीऐवजी करवंटीचे तुकडे वापरून काँक्रीट केलं. २०११ च्या सुमारास त्यांचे निष्कर्ष बांधकामशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांत आले. काँक्रीटचं वजन घनमीटरला दोन हजार किलोच्या खाली आलं आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद पंचवीस मेगापास्कलच्या पुढे गेली. हलक्या काँक्रीटला रचनेत वापरण्यासाठी साधारण सतराची अट असते. त्या मानाने हा आकडा भक्कम आहे.

कृती मजेशीर वाटावी इतकी साधी आहे, पण तिच्यात चुकायला जागा पुष्कळ. वाळलेली करवंटी हातोडीने फोडून बोटाच्या पेराएवढे, दहा-बारा मिलिमीटरचे तुकडे करायचे. आतलं खोबरं आणि बाहेरचा काथ्या नीट काढायचा. काथ्या राहिला की पाणी धरतो आणि मिश्रणात गोळे होतात. करवंटी आपल्या वजनाच्या जवळजवळ चोवीस टक्के पाणी पिते. कोरडी घातली तर ती सिमेंटच्या वाट्याचं पाणी ओढून घेईल आणि काँक्रीट उपाशी राहील. म्हणून आदल्या दिवशी ती भिजत घालायची आणि मिसळण्याआधी बाहेरचं पाणी गोणपाटाने टिपून घ्यायचं. ओल आत असावी, पृष्ठभाग कोरडा असावा. गवंड्याच्या हाताला हे एकदा कळलं की सांगावं लागत नाही. मोकळ्या करवंटीचं वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, तर खडीचं दीड हजाराच्या. पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या मानेला हा फरक पहिल्याच खेपेला कळेल, आणि बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

आता खरं बोलायला हवं, नाहीतर हा लेख जाहिरात होईल. चेन्नईच्या त्या मिश्रणात घनमीटरला पाचशे किलोच्या पुढे सिमेंट होतं. नेहमीच्या तितक्याच ताकदीच्या काँक्रीटला याहून बरंच कमी लागतं. जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. खडी वाचवून सिमेंट वाढवलं तर डोंगराचं ओझं उचलून हवेवर टाकल्यासारखं झालं. म्हणूनच करवंटीचं काँक्रीट कॉलम-बीमला वापरा असा माझा आग्रह मुळीच नाही. ताकद जिथे थोडी लागते तिथे, म्हणजे भिंतीचे ठोकळे, मधले पडदे, फिलर स्लॅबची भर यांत ते शोभतं. केरळात लॉरी बेकर यांनी फिलर स्लॅब रूढ केला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, तो सळईने घ्यायचा असतो. म्हणून तिथे मंगलोरी कौलं घालून त्यांनी काँक्रीट वाचवलं. त्याच पोकळीत काही ठिकाणी करवंट्या उलट्या ठेवतात.

दुसरी अडचण साखरेची. आपल्याकडे जुने कारागीर चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालत आणि त्या चुन्याने वाडे, किल्ले उभे राहिले. पण सिमेंटला साखर चालत नाही. थोडीशी साखरसुद्धा सिमेंटचं घट्ट होणं लांबवते, जास्त झाली तर तो माल बसतच नाही. भुईमुगाची टरफलं, ओला उसाचा चोथा, कणसाचे बुरकुंडे यांत विरघळणारे पदार्थ असतात. म्हणून ते धुणं, चुन्याच्या निवळीत बुडवणं, वाळवणं हे सोपस्कार टाळता येत नाहीत. ते टाळून ठोकळे पाडले आणि ते फुसके निघाले, की लोक मालाला दोष देतील. त्यांचं म्हणणंही खरं असेल.

करवंटीचं आणखी एक. तिला आता भाव आहे. तिच्या कोळशापासून पाणी गाळण्याचा सक्रिय कार्बन करतात आणि त्याची निर्यात होते. बोर्डी, डहाणू, दमणच्या किनाऱ्यावरून करवंटी डोकमर्डीपर्यंत आणून भिंतीत घालणं परवडेलच असं नाही. हवेलीत जे मुबलक आहे ते भात. शंभर किलो भात गिरणीत घातलं की साधारण वीस किलो तूस निघतो, आणि तो तूस जाळला की चार किलोच्या आसपास राख. या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. सातशे अंशांच्या खाली, बेताच्या आचेवर जाळलेल्या राखेतली सिलिका सिमेंटशी संयोग पावते आणि काँक्रीट घट्ट करते. आपल्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाने २००० सालीच भाताच्या तुसाच्या राखेला मिश्रणात वापरायची मुभा दिली आहे. म्हणजे कायद्याचं दार पाव शतक उघडं आहे आणि आपण उंबऱ्याबाहेर उभे आहोत.

नुसता तूसही ठोकळ्यात वाळूच्या काही भागाऐवजी घालता येतो. त्याचं वजन घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. ठोकळा हलका होतो, उष्णता कमी शिरू देतो, खिळा ठोकता येतो. ताकद मात्र घटते, आणि ओल लागली तर सेंद्रिय वस्तू आहे, कुजणार. त्यामुळे जोत्याच्या खाली, बाहेरच्या पावसाळी अंगाला, मोरीला तो वापरू नये. आतल्या भिंतीला, प्लास्टर करून, खुशाल. आणि एक बारकी गोष्ट. छोट्या हलर गिरणीत तूस कोंड्यात मिसळून चुरा होऊन येतो. शेलर असलेल्या गिरणीत अख्खा, स्वच्छ मिळतो. ठोकळ्याला दुसरा हवा. तूस जितका हलका तितकी त्याची वाहतूक महाग, कारण ट्रक भरतो पण वजन भरत नाही. म्हणजे ठोकळे पाडायची जागा गिरणीच्या शेजारीच हवी, शंभर किलोमीटरवरच्या कारखान्यात नको. हा या मालाचा मोठा गुण आहे. तो गावाला सोडून जाऊ शकत नाही.

आता वृत्तीकडे येतो, कारण अडलं आहे ते तिथेच. आपल्याकडे घराची इभ्रत जडपणावर ठरते. भिंतीवर टिचकी मारून आवाज ऐकतात. ठोकळा हलका लागला की बिल्डरने फसवलं असा संशय येतो. सच्छिद्र, हलके एएसी ब्लॉकसुद्धा सुरुवातीला लोकांनी याच संशयाने पाहिले, आणि मोठ्या सोसायट्यांत ते लागल्यावर संशय आपोआप विरला. तुसाचं तर नाव काढलं की ते गरिबाचं, गोठ्याचं साहित्य ठरतं. आणि इथेच एक धोका आहे. सरकारी यंत्रणेला काही नवं करून पाहायचं असलं की ती पहिल्यांदा घरकुल योजनेकडे वळते. स्वस्त आहे ना, मग गरिबांना द्या. माल फसला तर गळकी भिंत वारली कुटुंबाच्या माथी, आणि यशस्वी झाला तर छायाचित्र साहेबांचं. ज्याला तक्रार करायला वेळ नाही आणि तक्रार ऐकून घेणारं कुणी नाही, त्याच्या घरावर प्रयोग करणं हा अन्याय आहे. त्यापेक्षा प्रयोग न झालेला बरा.

प्रयोग करायचा तर आधी त्यांच्या भिंतीत व्हावा ज्यांना गळकी भिंत पुन्हा बांधणं परवडतं. कार्यालयांच्या आतल्या भिंती, अधिकाऱ्यांची निवासस्थानं, कारखान्यांची कॅन्टीन, आपली स्वतःची घरं. बांधकाम आणि शेतकरी दोन्ही जवळून पाहिलेल्या एका माणसाची इथे आठवण होते. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल ही कामं त्यांच्या उद्योगाशी जोडलेली आहेत. दगड, चुना आणि मजूर यांचा हिशेब त्यांनी हाताळला होता आणि बांधकाम खात्यातली लूट जवळून पाहिली होती. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी पावसाबरोबर वाहून जाणारा पालापाचोळ्याचा कस शेतातच जिरावा म्हणून बांधबंदिस्तीचा आग्रह धरला आणि त्यासाठी सरकारने फौज-पोलीस कामाला लावावेत असं सुचवलं. शेतकऱ्याच्या हातून निसटणारी प्रत्येक वस्तू त्यांना संपत्ती दिसत होती, आणि ती त्याच्याच घरात राहावी यासाठी सरकारने खर्च करावा असं ते सांगत होते. आपण या वाटेवर किती चाललो?

दाम हा म्हणूनच गौण मुद्दा नाही. बऱ्याच ठिकाणी तूस गिरणीवाल्याकडेच राहतो आणि तो बॉयलरवाल्याला विकतो. भात पिकवणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. फुकट घेण्याला या भागाने पूर्वी एकदा नकार दिलेला आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्यात होते. झरी सिल्वासाहून फार लांब नाही. नऊ वर्षांनी, २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या तावडीतून सुटलं. महाराष्ट्रातून गेलेल्या स्वयंसेवकांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण आदिवासीच्या शेतातून निघालेला माल ‘हरित बांधकाम’ म्हणून फुकट उचलायचा आणि शहरात चढ्या भावाने विकायचा, असं झालं तर वेठ नव्या कपड्यात परत आली असंच म्हणावं लागेल. तुसाला गोणीमागे ठरलेला दर हवा, तो गिरणीच्या पाटीवर लिहिलेला हवा, आणि ठोकळे पाडणाऱ्या बायकांच्या बचत गटाच्या खात्यात पैसे थेट यायला हवेत.

हे डोकमर्डीत सुरू होऊ शकतं. इथे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालय आहे. हवेलीतल्याच कराड गावी शासकीय पॉलिटेक्निक आहे, तिथे स्थापत्यशास्त्राची मुलं काँक्रीटचे घन दाबून तोडायला शिकतात. त्या मुलांना दरवर्षी त्याच खडीचे तेच घन तोडायला लावण्यापेक्षा तुसाचे, राखेचे, करवंटीचे ठोकळे पाडायला लावावेत. प्रमाण बदलून, धुऊन आणि न धुता, चुन्यात भिजवून आणि न भिजवता. हैदराबादच्या आयआयटीने २०२१ मध्ये आपल्याच आवारात शेतकचऱ्याच्या विटांची पहारेकऱ्याची खोली बांधली, तशी एक खोली इथे व्हावी. बांधकाम खात्याच्या दरसूचीत हलक्या ठोकळ्यांच्या नोंदीखाली तुसाच्या आणि राखेच्या ठोकळ्याची ओळ यावी, कारण जे दरसूचीत नाही ते निविदेत येत नाही आणि निविदेत नाही ते कुठलाही ठेकेदार बांधत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या खडी-वाळूसाठीच्या आयएस ३८३ या मानकात २०१६ साली धातूच्या भट्टीतली मळी आणि पाडकामाचा राडारोडा यांना जागा मिळाली. शेतमालाला ती मिळवायची असेल तर कागदावर मोजमापं लागतील, आणि ती मोजमापं अशाच पॉलिटेक्निकांतून गोळा होतील. पहिली भिंत एखाद्या कार्यालयात उभारावी, तिच्यात ओल किती शिरली, तडा कुठे गेला, वाळवी लागली का, याची नोंद निदान तीन पावसाळे ठेवावी, आणि ती मराठी, गुजराती, हिंदीत त्याच भिंतीवर चिकटवावी, म्हणजे घर बांधायला निघालेला माणूस कुणाच्या शब्दावर न जाता स्वतः वाचून ठरवेल.